उडीद मी टाकला होता

धुळ्याच्या देवपुरातला आमचा क्लब पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा दाराचं कुलूप तोडावं लागलं. किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना. आत चिमण्यांची घरटी होती, कॅरमच्या बोर्डाला पोपडे आले होते आणि सतरंजी उचलायला गेलं की हातात तुकडे येत होते. हे सगळं करण्यात पुढाकार होता क्लबासमोरच राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचा. बाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्या माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "नाना, या गल्लीत माणसं एकमेकांना सकाळी मोबाइलवर फुलं पाठवतात आणि दिवसभर तोंड बघत नाहीत. बसायला एक जागा हवी. तुम्ही शेवटचे सेक्रेटरी. दोन पानं लिहून द्या, क्लब कसा चालायचा आणि बंद का पडला. पहिल्या बैठकीत वाचू."

पहिलं पान मी एका दुपारी लिहिलं. दुसऱ्याला महिना लागला, कारण क्लब बंद का पडला हे मला चांगलं माहीत होतं.

पहिल्या पानातलं थोडक्यात सांगतो. क्लब आम्ही सभासदांनीच बांधला आणि सभासदांनीच चालवला. नोकर ठेवायचा नाही, हा पहिला नियम. प्रत्येक वाराला एकाची पाळी. ज्याची पाळी असेल त्यानं संध्याकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, माठ भरायचा, सतरंजी घालायची. सरकारी कचेरीतला साहेब असो नाहीतर कापसाचा व्यापारी, खराटा सगळ्यांच्या हातात यायचा. थंडीत एका रविवारी भरिताचा बेत असे. सभासदच अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजत, आणि कोणाचं भरीत जास्त झणझणीत यावरून पुढचे आठ दिवस वाद चालत.

नवा सभासद घ्यायची आमची पद्धत वेगळी होती. प्रत्येकाच्या हातात ज्वारीचा एक आणि उडदाचा एक दाणा द्यायचा. अरुंद तोंडाचं एक मडकं फिरायचं. त्यात मूठ घालून एक दाणा सोडायचा, उरलेला दुसऱ्या मडक्यात टाकायचा. मग सेक्रेटरीनं पहिलं मडकं सगळ्यांसमोर थाळीत उपडं करायचं. सगळी ज्वारी निघाली तर माणूस आत. एक जरी उडीद निघाला तरी अर्ज नामंजूर. जिथं सगळ्यांनी एकत्र खराटा धरायचा, तिथं एकालाही नको असलेला माणूस नसावा, असा त्यामागचा विचार होता. दाणे आमचे एक धान्याचे व्यापारी सभासद कागदाच्या पुडीत बांधून आणायचे. त्यांना सगळे शेट म्हणत. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण स्वतः शेट धुळ्यातच वाढलेले. माझी आणि त्यांची कॅरमला कायमची जोडी होती.

आता दुसरं पान.

पस्तीस एक वर्षांपूर्वी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंनी अर्ज केला. तोवर क्लबात एकही स्त्री नव्हती. नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं, पण कोणी अर्जच केला नव्हता. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझी. मी बैठकीत उभं राहून दहा मिनिटं बोललो. जग कुठे चाललंय, आपण कुठे आहोत, असं बरंच काही. शेटनी बसल्या जागेवरून सांगितलं, "म्हणजे उद्यापासून आम्ही शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावून कॅरम खेळायचा का?" सगळे हसले. मीही हसलो.

मडकं फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी आत उडीद सोडला.

थाळीत ज्वारीच्या ढिगावर तो एकच काळा दाणा दिसला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. ते नाटक होतं, आणि मला ते चांगलं जमलं. सूचकानंच उडीद टाकला असेल असं कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. सगळे शेटकडे बघायला लागले.

शेट म्हणाले, "मी नाही टाकला."

आमच्यात एक शेतकरी सभासद होते, बोलायला एकदम सडेतोड, तेही अहिराणीत. ते म्हणाले, "उडीद तर तुन्हाच दुकानना शे ना, शेट?"

"दुकानातला आहे म्हणून मी टाकला?"

"बठ्ठास्नी ऐकं, तू गुंड्यास्नं काय बोलना ते." ते गुंड्यांचं सगळ्यांनीच ऐकलं होतं.

शेटनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बाजूनं मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी थाळीतले दाणे परत मडक्यात भरत होतो. ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

मी हे का केलं, ते कोणाला सांगण्यासारखं नाही, पण सांगितलं पाहिजे. त्याच्या चार-पाच वर्षं आधी माझ्या बायकोनं मला विचारलं होतं, "तुमच्या क्लबात मला येता येईल का हो? पेपर वाचायला?" मी सांगितलं होतं, बायकांना येता येत नाही, नियम आहे. असा नियम नव्हता. ती दोन तासांची जागा मला एकट्याची हवी होती, घरातलं कोणी तिथं नको होतं. आता त्या बाई आत आल्या असत्या तर घरी काय सांगितलं असतं? आणि बाईंना नकार द्यायला मला लाजही वाटत होती, म्हणून उजव्या हातानं सही केली आणि त्याच हातानं उडीद सोडला. दोन्हीकडून चांगलं राहायचं होतं मला.

शेट त्यानंतर आले नाहीत. त्यांची पाळी बुधवारची. नियम असा की तीन पाळ्या चुकल्या तर सेक्रेटरीनं घरी जाऊन विचारायचं. मी त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिलं की त्यांचा राजीनामा आला आणि तो मंजूर करण्यात आला. राजीनामा कधी आलाच नव्हता. माझं अक्षर चांगलं म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं. त्या अक्षरात ती ओळ खरी वाटते.

बुधवार कोणी घेईना. चिडून गेलेल्या माणसाच्या जागेवर झाडायला कोण तयार होणार? बुधवारी क्लब बंद राहायला लागला. मग बुधवारी बंद असतो तर आपणच का राबायचं म्हणून शुक्रवारवाल्यानं सोडलं. मग सोमवार. एकेक वार करत तीन वर्षांत क्लब संपला. लोक म्हणत, टीव्ही आला म्हणून संपला. मीही तेच म्हणत आलो.

चित्रकलेच्या त्या बाई मात्र मला विसरल्या नाहीत. त्या दर दिवाळीला आमच्याकडे फराळाचा डबा पाठवायच्या. आपल्या बाजूनं उभा राहिलेला एक माणूस, म्हणून. त्यांच्या चकल्या फार खुसखुशीत असत. मी इतकी वर्षं त्या खाल्ल्या.

दुसरं पान लिहून झाल्यावर मी ते आधी बायकोला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. ऐकून झाल्यावर बराच वेळ तिचं निवडणं चालू राहिलं. मग म्हणाली, "मला यायचंच होतं असं नाही. विचारलं होतं फक्त." थोड्या वेळानं म्हणाली, "शेटना कोण सांगणार? बैठकीत वाचणार आणि त्यांना दुसऱ्याकडून कळणार?"

शेट आता दोंडाईचाला मुलाकडे असतात. त्यांची बायको वारल्यावर ते धुळ्याचं दुकान सोडून तिकडे गेले, एवढं मला माहीत होतं. मी सकाळच्या एसटीनं गेलो. घर स्टेशनच्या बाजूला. शेट ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. फार बारीक झालेत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"सेक्रेटरी! अरे, तू अजून आहेस?"

"आहे. तुम्ही बोलवत नाही म्हणून यायचं राहिलं."

"बोलवायला मी काय लग्न काढलं होतं? बस. चहा घे आधी."

चहा झाला. मी म्हणालो, "शेट, तो उडीद मी टाकला होता."

"कोणता उडीद?"

त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. पण त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. राजीनाम्याचंही मी सांगितलं.  शेवटी त्यांनी विचारलं, "का टाकलास?"

मी बायकोचं सांगितलं. ते हसले. "बायकोला काय सांगू म्हणून? एवढ्यासाठी? मी तर ज्वारी टाकली होती. म्हटलं, बाई चित्रं काढतात, क्लबाच्या भिंती तरी फुकटात रंगवून होतील."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "शेट, मला माफ करा."

त्यांचं हसू गेलं. "माझी बायको दर संक्रांतीला त्या बाईंकडे हळदीकुंकवाला जायची. त्या वर्षापासून बंद केलं. म्हणाली, कोणत्या तोंडानं जाऊ? मी शपथ घेतली तिच्यापुढे. ती म्हणाली, तुम्ही तोंडानं नाही म्हणता, पण मनात तुमच्या तेच होतं."

"शेवटपर्यंत तसंच?"

"शेवटपर्यंत."

शेटनी चहाचे कप उचलून ओट्याच्या कडेला ठेवले. 

मग ते म्हणाले, "आणि मला काय सांगायला आलास? मी टाकला नव्हता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

परतीच्या गाडीला अजून तास होता, पण त्यांनी मला थांब म्हटलं नाही.

रविवारी सकाळी बैठक झाली. झाडून पुसून घेतलेल्या हॉलमध्ये नव्या सतरंजीवर पंधरा-वीस माणसं होती, त्यांत सात-आठ स्त्रिया. जुन्यांपैकी ते शेतकरी सभासद नातवाच्या गाडीवरून आले होते. चित्रकलेच्या बाई पहिल्या ओळीत खुर्चीवर होत्या, गुडघे धरलेत म्हणून. माझी बायकोही आली होती. ती मागे बसली.

मी दोन्ही पानं वाचली. पहिल्याला लोक हसले, भरिताच्या वादाला तर टाळ्या पडल्या. दुसऱ्याला कोणी हललं नाही. वाचून झाल्यावर मी बाईंकडे बघितलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे माझ्या बाजूचे होता, असं मला वाटायचं. त्या आधारावर मी पुढे कुठे कुठे अर्ज केले." मग म्हणाल्या, "तो डबा मी शेटच्या घरी पाठवायला हवा होता."



शेतकरी सभासदांनी डॉक्टरांना विचारलं, "शेटना नंबर शे का कोनाकडे?" माझ्याकडे होता. डॉक्टरांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला.

"शेट, मी बोलस. वळखं का?"

"आवाज अजून तसाच आहे. बोल."

"बठ्ठासमोर सांगस. मन्हं चुकनं."

 पलीकडून शेट म्हणाले, "मोठ्यानं बोल, मला ऐकू कमी येतं."

शेतकरी सभासदांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग हातातला फोन तसाच धरून डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी हळूच तो काढून घेतला.

इतिवृत्ताच्या नव्या वहीत पहिला ठराव असा लिहिला गेला की शेटनी राजीनामा कधीच दिलेला नव्हता आणि ते आजही सभासद आहेत. ठराव डॉक्टरांनी लिहिला. मी लिहितो म्हणालो होतो, पण त्यांनी वही पुढे केली नाही. त्यांचं बरोबरच होतं. पुढची सगळी मतं हात वर करून घ्यायची, हेही तेव्हाच ठरलं. जुन्या सभासदांची नावं वाचताना माझ्या नावाशी डॉक्टर अडखळल्या. मी सांगितलं, माझा विचार पुढच्या बैठकीत करा, शेट येऊ शकले तर त्यांना विचारून.

उठताना मी बाईंना म्हणालो, "तुम्हाला दोंडाईचाला जायचं असेल तर मी घेऊन जातो."

"जायचं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नको."

मंगळवारी त्या गेल्या. सोबत ते शेतकरी सभासद होते आणि माझी बायकोही. तिनं मला सकाळी फक्त एवढंच सांगितलं की भाजी करून ठेवली आहे, पोळ्या डब्यात आहेत. संध्याकाळी ती परत आली, हातपाय धुतले आणि देवाजवळ दिवा लावला. तिथं काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.