पेटीतले पाच फिल्टर

जयपूरच्या थंडीबद्दल महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना काही सांगायला गेलं की ते हसतात. राजस्थान म्हटलं की त्यांना उंट आणि वाळूच आठवते. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीपायी आम्ही इथे आलो आणि निवृत्तीनंतरही तिलक नगरातच राहिलो, पण शहराबाहेर चौमूच्या पुढे आमचं जे शेत आहे तिथली जानेवारीतली सकाळ काय असते, हे मलाही गेल्या वर्षापर्यंत धड माहीत नव्हतं. गुरांच्या हौदावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. गवत पांढरं होतं. लोखंडाला हात लावला की चटका बसल्यासारखा हात मागे येतो.

त्या दिवशी सकाळी सहालाच शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. "भाभीजी, आज पाला पड़ेगा। शाम से पहले मटर को पानी दे दो।" हिमकणांना ते पाला म्हणतात. रानात ओल असली तर पीक तगतं, कोरडं असलं तर एका रात्रीत करपून जातं. विजेचा ट्रान्सफॉर्मर तीन दिवसांपासून जळून पडलेला. म्हणजे शेततळ्यातलं पाणी ट्रॅक्टरला जोडलेल्या पंपानेच उपसायचं होतं.

त्या मटारावर माझं सगळं अडलं होतं. आषाढात हे गेले. तेराव्याला मुलगा म्हणाला, "आई, शेत विकून टाकू. तुला एकटीला झेपायचं नाही." मी म्हटलं, "मला एक हंगाम दे. नाही जमलं तर तू दाखवशील तिथे सही करीन." शब्द देऊन बसले होते आणि मी शब्द फिरवणारी बाई नाही.

गाडी काढली आणि साडेसातला शेतावर पोचले. शेजारी कांबळं पांघरून बांधावर उभेच होते. ट्रॅक्टरला स्टार्टर मारला. तो खोकला, दोन मिनिटं चालला आणि गपकन बंद पडला. तीनदा तेच झालं. "फिल्टर चोक है," ते म्हणाले. "ठंड में डीजल गाढ़ा हो जाता है, और पुराने फिल्टर में से निकलता नहीं।" मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणाला उद्या दुपारी येतो. उद्या दुपारी येऊन तो काय करपलेल्या वेलींचं दर्शन घेणार होता?

नवा फिल्टर माझ्या गाडीतच होता, ह्या खेपेच्या खंडेनवमीला मी एकटीनेच पुजून ठेवलेला. त्याची हकीकत सांगायला हवी.

सहा वर्षांपूर्वी आम्ही हा जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी नको म्हणत होते. जुन्या यंत्राचं रोजचं दुखणं कोण काढणार? हे म्हणाले, "ट्रॅक्टरचं मी बघतो. मला सगळं येतं. काकांच्या इंजिनावर लहानपणी हेच केलंय." तेव्हापासून आमच्या घरात एक प्रथाच पडली. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री, पक्कड यांची पूजा असते. त्या पाटावर डिझेलच्या नव्या फिल्टरचा खोकाही बसायला लागला. मी त्याच्यावर हळदकुंकवाचं बोट ओढायची आणि कोपऱ्यात पेनाने साल लिहायची. दिवाळीनंतरच्या रविवारी हे तो खोका घेऊन शेतावर जायचे आणि संध्याकाळी कोपरापर्यंत काळे हात घेऊन परत यायचे.

मी दर वर्षी म्हणायची, मलाही न्या. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. वडिलांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. भाऊ ते खोलायचे आणि मी पाना देण्यापुरती शेजारी उभी. मला हात घालायचाच होता त्यात. एका वर्षी तर मी चपला घालून तयारही झाले होते. हे म्हणाले, "अगं, फार अवघड काम आहे ते. जोर लागतो. बोट चेमटलं तर काय करशील? तू आपली पिठलं-भाकरी करून ठेव." मी चपला काढल्या. पिठलं केलं.

आणि हे आले की बाथरूममध्ये स्टुलावर बसवून मी त्यांचे हात धुवायची. तांब्याने कोमट पाणी, वर साबणाची पूड. एका पाण्यात हात लख्ख निघायचे. "बघा, माझ्या हाताला कसं निघतं," असं मी वर कौतुकाने म्हणायची.

तर त्या सकाळी शेजाऱ्यांना म्हटलं, मी बदलते, तुम्ही फक्त सांगा. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. सतरा नंबरचा पाना हवा होता. शेतावरच्या खोलीतल्या ह्यांच्या पत्र्याच्या पेटीत असेल म्हणून ती उघडली. वर फडकी, मग एक पोतं, पोत्याखाली पाना. आणि पान्याच्या खाली ओळीने लावलेले पाच खोके. प्रत्येकावर माझं हळदकुंकू, कोपऱ्यात माझ्या अक्षरातली सालं.

पहिल्यांदा मला हसूच आलं. जुनं काही टाकायचं नाही ही ह्यांची खोड. वाटलं, काढलेले जुने फिल्टर नव्यांच्या खोक्यांत भरून ठेवलेत. एक उघडला. आत प्लॅस्टिकचं वेष्टन तसंच. कागद पांढराशुभ्र. दुसरा उघडला, तिसरा उघडला. पाचही कोरे होते.

मी ते पाचही खोके पदरात घेऊन बाहेर आले आणि शेजाऱ्यांसमोर धरले. ते एकदम गडबडले. मग बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून खरं तेच बोलले. "अब क्या बताऊँ भाभीजी। साहब को ये काम आता कहाँ था? पहले साल खोलने बैठे थे, बोल्ट ही नहीं घूमा। उसके बाद मैं फिल्टर के नीचे से जमा हुआ पानी निकाल देता था, बस।"

"मग हात? हात काळे कसले असायचे?" मी मराठीतच विचारलं, पण त्यांना कळलं.

"वो तो साइलेंसर की कालिख पे फेर लेते थे।" त्यांना त्याचं आता हसू आवरेना. "कहते थे, घर जाना है, सबूत तो चाहिए। मुझे बोले थे, भाभीजी को मत बताना।"

आणि या शेजाऱ्यांनी सांगितलं नाही. दर होळीला माझ्या पुरणपोळ्या खाल्ल्या, दर वर्षी "साहब तो पूरे मिस्त्री हैं" म्हणाले आणि मूग गिळून बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि जिवंत माणसाची त्या क्षणी मला गरज होती. मी एवढंच म्हणाले, "बोला, पहिल्यांदा काय करायचं?"

पहिल्यांदा टाकीची तोटी बंद करायची. मग फिल्टरच्या मधला बोल्ट. तो खरोखर हलेना. मी पान्यात पाइपचा तुकडा अडकवला, माझे भाऊ अडकवायचे तसा, आणि अंगाचा भार टाकला. कट् करून सुटला. एवढंच होतं ते अवघड काम. आतून निघालेला फिल्टर काळा, बुळबुळीत, तळाशी पिवळट मेणासारखा गाळ. थंडगार डिझेल बाहीतून कोपरापर्यंत गेलं. बोटं इतकी बधिर झाली की रबरी रिंग दोनदा मातीत पडली. दोन्ही वेळा पुसून घेतली. नवा फिल्टर बसवला, बोल्ट आवळला, वरचा छोटा स्क्रू सैल केला आणि इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप मारत बसले. आत हवा राहिली तर इंजिन चालत नाही. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग सरळ धार. स्क्रू आवळला.

घड्याळ बघितलं. पाऊण तास लागला होता, त्यातही निम्मा वेळ बोटं कांबळ्यात शेकण्यात गेला. पाऊण तासाच्या कामासाठी या माणसाने मला पाच वर्षं घरी बसवलं. येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं! मी काय हसले असते? हसले असते कदाचित. पण मग आम्ही दोघं मिळून शिकलो असतो. त्यांना नव्हतं येत, आणि सांगितलं काय, तर मला येणार नाही. आणि मी ते खरं मानून चपला काढल्या होत्या. मला राग याचा आला आणि अजून येतो.

ट्रॅक्टर चालू झाला आणि चालू राहिला. दुपारी चारपर्यंत शेवटच्या सरीला पाणी पोचलं. दुसऱ्या दिवशी आसपासची रानं काळवंडली होती. माझा मटार कडेकडेला तेवढा करपला, बाकी उभा होता.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी घरी आले तर मुलाचा फोन. "पाणी दिलंस? फिल्टर कोणी बदलला? तो तर बाबांशिवाय कोणालाच जमायचा नाही."

"बाबांना जमत नव्हता," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "जाऊ दे ना आई आता."

फोन ठेवला आणि त्याच स्टुलावर बसून हात धुवायला घेतले. कोमट पाणी, साबणाची पूड. एकदा धुतले, दोनदा धुतले, लिंबू चोळलं, बेसन चोळलं. काळं निघालं, पण डिझेलचा वास निघेना. जेवताना भाकरीला तोच वास, पांघरूण ओढलं तर त्यालाही तोच. तीन दिवस तो माझ्या बोटांना होता.

ह्यांच्या हातांना तो कधीच आला नव्हता. पाच वर्षं ते हात मी माझ्या हातांत धरून धुतले आणि एका पाण्यात निघतात म्हणून खूश होत राहिले.