न वाजलेल्या ड्रमचं कौतुक

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका परदेशी रॉक गिटारवादकाच्या तीन अल्बमची तोंड भरून स्तुती छापून आणली होती. तिन्हींपैकी एकच ऐकला होता. आता हे हसत सांगते, पण एका माणसासमोर ते कबूल करणं सोपं नव्हतं.

आम्ही अंबरनाथला राहायचो. बाबा कारखान्यात होते. घरात टेपवर भीमगीतं लागायची, नाहीतर जुनी हिंदी गाणी. गिटार मी फक्त सिनेमातल्या हिरोच्या गळ्यात पाहिलेली. कॉलेज सुटलं की मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका छोट्या प्रेसमध्ये प्रुफं तपासायला जायची. तिथून एक मराठी साप्ताहिक निघायचं. त्याचे मालक, संपादक आणि अडल्या वेळी अंक वाटणारेसुद्धा एकच गृहस्थ. एकदा आतल्या पानावरची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली, तशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तरुणांसाठी काहीतरी लिही. रॉक-बिक."

"सर, मला रॉकमधलं काही कळत नाही."

"वाचणाऱ्यांना तरी कुठं कळतंय?"

प्रेसच्या शेजारीच एका सिंधी काकांचं सीडीचं दुकान होतं. त्यांनी कोपऱ्यातली एक धूळ बसलेली सीडी काढून दिली. "ये ले जा बेटा. बिना गाने का गाना है, कोई लेता नहीं. बस, स्क्रॅच मत लाना."

मावसभावाच्या कॉम्प्युटरवर ती लावली आणि खरं सांगते, मी जागची हलले नाही. बोटं इतकी पळत होती की दोघं जण वाजवताहेत असं वाटत होतं. मग मध्येच तो एका सुरावर थांबायचा आणि तो सूर असा ताणायचा, की ऐकणाऱ्याने श्वास धरून बसावं. मी तसंच लिहिलं. खाली नुसती आद्याक्षरं टाकली. दोन वाचकांचे फोन आले. आमच्या साप्ताहिकाच्या मानाने ही लाटच.

"त्याचे अजून अल्बम आहेत का?" संपादकांनी विचारलं.

"दोन आहेत."

"मग पुढच्या दोन अंकांत तेच."

दुकानात ते दोन्ही नव्हते. काकांकडे फक्त कंपनीचा माहितीचा कागद होता. त्यावर मुखपृष्ठांची चित्रं, गाण्यांची नावं आणि प्रत्येक गाणं किती मिनिटांचं, एवढंच. मी तो कागद घेऊन बसले. तिसऱ्या अल्बममधलं नऊ मिनिटांचं गाणं म्हणजे नक्की दुःख असणार. दुसऱ्यातलं दोन मिनिटांचं म्हणजे राग. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी संगीत मासिकं आणून पाहिली, तर तिथले समीक्षकही अल्बममध्ये काय आहे ते फारसं सांगत नव्हते. सगळा विजांचा कडकडाट आणि आत्म्याचा आक्रोश. मला धीर आला.

दुसरा अल्बम असा पार पडला. तिसऱ्याच्या मुखपृष्ठावर तो कड्यावर तोंड उघडून उभा होता, म्हणून मी त्याला गायला लावलं. 'शेवटच्या गाण्यात त्याचा घोगरा आवाज काळजाला घरं पाडतो,' असं लिहिलं. तरीही चार ओळी कमी पडत होत्या, तेव्हा ड्रम घातला. 'मागून येणारा ड्रम हा या अल्बमचा खरा प्राण आहे.' संपादकांनी त्या वाक्याची चौकट करून पानाच्या मधोमध छापली.

महिन्याभराने एक गृहस्थ प्रेसमध्ये आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत माझे तिन्ही लेख नीट कापून ठेवलेले. ते बदलापूरजवळच्या चामटोलीचे. हळदीला, सत्यनारायणाला वाजवणारी बेंजो पार्टी होती त्यांची, आणि बेंजो ते स्वतः वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य आमच्याकडे वाजलं नाही तर हळद लागली असं कुणी मानत नाही.

"लिवनारे सर कुठं हायेत?"

संपादकांनी बोटाने मला दाखवलं. बेंजोवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं, मागे कुणी आहे का तेही पाहिलं, आणि शेवटी स्टूल ओढून बसले.

"ताई, तो ड्रम कुठं हाय?"

"कुठला ड्रम?"

"तुमी चौकटीत लिवलाय तो. मी सात वेला आयकला. मला गावला नाय."

शेजारच्या सिंधी काकांकडून त्यांनी सीडी खास मागवून घेतली होती. ड्रम सापडेना, तेव्हा सीडी खराब आहे म्हणून बदलून आणली. दुसरीतही ड्रम नव्हता. आता त्यांना स्वतःच्या कानांची शंका येत होती. "हळदीत स्पीकरपुढं बसून बसून माजाच कान गेला काय," असं ते म्हणाले, तेव्हा मला येऊ घातलेलं हसू पळालं. तरी जीभ सुटलीच. "काका, परदेशातली आवृत्ती वेगळी असते."

"अस्सं," म्हणत त्यांनी भाबडेपणाने मान हलवली. "मंग तुमच्याकडची देता का? दोन दिसांत परत आनतो."

मी संपादकांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"काका, माझ्याकडे नाहीये. मी तो अल्बम ऐकलाच नाही. चित्र बघून लिहिलं."

त्यांनी कात्रणांची घडी घालून पिशवीत ठेवली. वाटलं, आता उठून जातील आणि गावभर सांगतील. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "आईतवारी घरी या. आयकल्याबिगर जेवान मिलनार नाय."

रविवारी सकाळी बदलापूरला उतरून टमटमने चामटोलीला गेले. काकींनी चहा दिला. काकांनी मला स्पीकरसमोर बसवलं आणि सीडी लावली. एकटी गिटार, साधी लाकडी. गाणं नाही, ड्रम नाही, वीजबीज काही नाही. पहिल्या पाच मिनिटांत मला कंटाळा आला. काकांनी ते ओळखलं. बेंजो मांडीवर घेऊन त्यांनी तोच तुकडा वाजवून दाखवला. "हितं बग, त्यानं बोट उचलला पन सूर सोडला नाय. मी तीन आठवडं करतोय, मला जमला नाय." पुन्हा सीडी, पुन्हा बेंजो. बोलता बोलता मला 'अगं' कधी म्हणायला लागले, त्यांनाही कळलं नसावं. नऊ मिनिटांचं ते गाणं दुःखाचं नव्हतंच. त्यात एक खट्याळ चाल पुन्हा पुन्हा लपत होती आणि भलत्याच जागी डोकं वर काढत होती. मी मोठ्याने हसले, तेव्हा काकांनी आत हाक मारली, "जेवान वाढा."

मी खरी समीक्षा लिहिली आणि आधीची चूकही सांगितली. संपादकांनी चूक कबूल केलेली ओळ कापली. म्हणाले, "आपण कौतुकाची दुरुस्ती छापत नाही." बाकीचं छापलं. फोन एकही आला नाही. "पहिलं जास्त दमदार होतं," हा त्यांचा अभिप्राय.

मे महिन्यात बदलापुरात एका हळदीला काकांनी मला बोलावलं. संध्याकाळी मांडवात त्यांनी तीच लपणारी चाल सुरू केली. मागे त्यांच्या पोरांनी असा काही ढोल धरला की नवरदेवाची आत्या हळदीच्या हातांनी नाचायला उठली. काकांनी बेंजोवरून माझ्याकडे पाहून डोळा मारला. "हा घे तुजा ड्रम!"

त्या हळदीवर मी अर्धं पान लिहिलं. या वेळी प्रत्येक शब्द ऐकून, पाहून. अंक घेऊन चामटोलीला गेले. काकांनी ओट्यावर बसून दोनदा वाचला, बोट ओळीवरून फिरवत.

"चांगला लिवलाय," ते म्हणाले. "पन दुसऱ्या फेरीत माजं बटन चुकलं व्हतं. त्ये का नाय लिवलं?"