मुंबईच्या चित्रांची पेटी

बाळांनो, तुमच्या शाळेत शहराचा इतिहास शिकवताना जुन्या वस्तू मुलांच्या हातात देतात, हे परवा तुमच्याकडून फोनवर ऐकलं आणि गेवराईकडच्या आमच्या शाळेतला शिपाई आठवला. मी तिथे मुख्याध्यापिका होते.

मुंबईचा इतिहास शिकवायला आमच्याकडे कोळीवाडे, गिरण्या, गोदी अशा मोठ्या चित्रांची पेटी होती. तिची किल्ली त्याच्याकडे असे. तो टोपीने पेटीवरची धूळ झटकायचा आणि विचारायचा, "बाई, काढू का आज मुंबई?"

"पाठ जानेवारीत आहे."

"जानेवारीत निम्मी लेकरं आईबापासंगं उसाच्या फडात असत्यात, बाई. त्यायला मुंबई कवा दिसायची?"

मी वेळापत्रकाकडे बोट दाखवत असे.

एका दिवाळीआधी त्याने विचारलंच नाही. मधल्या सुट्टीत ऊसतोडीला निघालेल्या मुलांना व्हरांड्यात बसवून त्याने चित्रं त्यांच्या मांडीवर दिली. मुंबई कधीच न पाहिलेला तो माणूस सांगत होता, "ह्यो गिरणीचा भोंगा. लई लांबून ऐकू येतो!"

गोदीच्या चित्रावर चटणीचं बोट उमटलेलं मला दिसलं. मी सगळ्यांदेखत किल्ली मागितली. त्याने ती सदऱ्याला पुसून माझ्या हातावर ठेवली. पुढे त्याने मुंबईचं नाव काढलं नाही. मीही जानेवारीत चित्रं लांबूनच दाखवत राहिले.

गेल्या महिन्यात मी जुन्या शाळेत गेले, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी ती पेटी माझ्यासमोर उघडली. गोदीवर ते बोट अजून आहे. बाकीची सगळी चित्रं नव्यासारखी आहेत.