वखारीपुढचा समुद्र

सकाळी मी डचांच्या पडक्या वखारीपाशी सुकट वाळत घालत होते. तिथे शाळेची सहल आली होती. मास्तर मुलांना सांगत होते, "साडेतीनशे वर्षांपूर्वी डच आणि पोर्तुगीज या समुद्रासाठी झुंजले. डचांची जहाजं इथून दाणापाणी घेऊन गोव्याची वाट अडवायला जायची."

एका मुलीने विचारलं, "आणि इथली माणसं?"

मास्तर म्हणाले, "असतील मासे मारत."

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. परराज्यातले मोठे मासेमारी ट्रॉलर आमच्या हद्दीत घुसतात, म्हणून आमचे हे बाकीच्यांबरोबर पहाटेच होडी घेऊन त्यांना अडवायला गेलेत. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, "किती बघतंस गे दर्याकडे? बघून होडी बेगीन येवची नाय." मी मान खाली घातली, पण डोळे वर जातातच.

आमच्याकडे रापणीचं मोठं जाळं सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढताना जो दोराला हात लावील त्याला माशांचा वाटा मिळतो. वाटेने जाणाऱ्यालाही मिळतो. समुद्र कोणाचा, हे आम्ही एवढ्यावर ठरवलं. त्या डच-पोर्तुगीजांनी ते तोफांनी ठरवायला पाहिलं. त्यांच्यातल्याही कुणाची बायको दूरच्या बंदरावर अशीच उभी राहत असेल. तिला तर वर्ष वर्ष काही कळत नसेल.

शेवटी ते दोन्ही परके आपापल्या देशी गेले. आमच्या माणसांना परतायला हाच किनारा आहे.

ऊन कलतंय. होड्या दिसू लागल्यात, पण इतक्या लांबून माणसं ओळखता येत नाहीत.