ठोकळ्याच्या पोटातली धग

धसकाताई हे काही कुणाचं जन्माचं नाव नसतं. ते तिला फोमच्या कारखान्यात मिळालं आणि कायमचं चिकटलं. कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं, हा तिचा स्वभाव. मुलीला साधी शिंक आली तरी हिच्या डोळ्यांसमोर दवाखान्याची खाट. नवरा म्हणायचा, हिला रोज एक तरी संकट लागतं, नाहीतर जेवण पचत नाही. तो त्याच कारखान्यात ठोकळ्यांची ढकलगाडी चालवायचा. माणूस हसरा होता आणि बायकोच्या भीतीला हसणं हा त्याचा हक्काचा विरंगुळा होता.

ताईचं काम रसायनं मापून देण्याचं. गादीचा फोम म्हणजे पाकासारखं दाट पॉलिऑल, थोडं पाणी, चिमूट चिमूट इतर औषधं आणि सगळ्यांत शेवटी आयसो, म्हणजे मिश्रण फुगवणारं मुख्य रसायन. आयसो पडलं की मग मिश्रण कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भिंतीवरच्या तक्त्यात क्रीम टाइम, राइज टाइम असं काय काय छापलेलं होतं, पण कामगारांनी त्याची आपली नावं पाडली होती. मिश्रण पांढरं झालं की ‘दूध झालं’. पेटीत ते फुगू लागलं की ‘उठाव’. पार वर पोचल्यावर बुडबुडे फुटून ठोकळा जरासा खाली बसतो, तो ‘उसासा’. ठोकळ्याने उसासा टाकला की माणसंही टाकायची आणि ठोकळा घट्ट व्हायला पकायच्या खोलीत जायचा. तक्त्यात तळाला स्कॉर्च असा शब्द होता. त्याला सगळे ‘पोट करपणं’ म्हणायचे आणि जरा हळू आवाजात म्हणायचे. आयसो जास्त झालं की ठोकळ्याच्या पोटात धग साठत जाते, फोम ती बाहेर सोडत नाही. वरून ठोकळा पांढराशुभ्र, आतून पिवळा, मग तपकिरी, आणि फारच झालं तर पेट घेतो. तोही लगेच नाही, काही तासांनी.

अशा कामावर भित्रं माणूस असलेलं बरं, असं सुपरवायझरलाही वाटायचं. ताईची एक पद्धत होती. जे माप टाकून झालं, त्या डब्याचं झाकण ती उलटं ठेवायची. झाकण उलटं म्हणजे माप पडलं. त्या दिवशी सकाळी सगळ्यांत हलक्या जातीचा फोम होता. त्याला आयसोची बादली आणि वर शेवटचा एक मग लागायचा. तिने तो मग बादलीत ओतला, डब्याचं झाकण उलटं ठेवलं. आणि तिच्या मनात नेहमीची पाल चुकचुकली. खरंच पडलं का? तिने डबा उघडून आत डोकावून पाहिलं, समाधान झालं आणि हाताच्या सवयीने झाकण सरळ लावून टाकलं. तेवढ्यात मिक्सरवाल्याने हाक मारली. ती वळली तेव्हा झाकण सरळ होतं. तिने बादलीत आणखी एक मग ओतला आणि मिक्सरवाल्याने ती मिश्रणात रिकामी केली. दुसरी कुणी बेफिकीर बाई असती तर ही चूक तिच्या हातून झालीच नसती.

ओतल्यावर तिच्या लक्षात आलं. डब्यातली पातळी फार खाली गेली होती. ओरडायला तिने तोंड उघडलं, तोवर दूध झालंही होतं. ठोकळा उठला, ताठ उभा राहिला आणि त्याने उसासा टाकला तो नावापुरता. हलका फोम एरवी लेचापेचा असतो, त्यामुळे सुपरवायझर खूश झाला. आज ताईचा हात लागला बघा, असं तो चारचौघांत म्हणाला.

तिथेच सांगायला हवं होतं. पण तिच्या आधी मापावर असलेल्या माणसाने एक ठोकळा बिघडवला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर ही उभी होती. कारखान्याचं दार आता तिच्याच तोंडावर बंद होताना तिला दिसलं. एक मग तर जास्त गेलाय, ती स्वतःला समजावत राहिली. एका मगाने काय होतंय? दिवस दमट होता आणि दमट हवेत धग आणखी वाढते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर नसत्या गोष्टींना भ्यायलेली ही बाई खरं भ्यायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसली.

जेवणाच्या सुट्टीत पकायच्या खोलीत एक वेगळाच दवाखाना चालायचा. ताजा ठोकळा बाहेरून कोमट असतो. ज्याची पाठ धरली असेल तो त्याला टेकून शेकून घ्यायचा. मनाई होती, पण कंबर मनाई ऐकत नाही. नवऱ्याची कंबर गाडी ढकलून कामातून गेलेली, त्यामुळे तो रोजचा गिऱ्हाईक. तो आत जाताना ताईने पाहिलं. तिने त्याला जेवायला हाक मारली. जेवण झालंय, असं सांगून तो आत गेला. आणखी काही सांगायला तिची जीभ उचलली नाही. ती डबा उघडून बसली आणि घास हातातच राहिला. मिक्सरवाला समोर काहीतरी गंमत सांगत होता. तिला त्याचे नुसते हलणारे ओठ दिसत होते.

मग आतून नवऱ्याचा आवाज आला.

“अगं, आजचा ठोकळा झकास शेकतोय. रोजच्यापेक्षा कितीतरी गरम आहे.”

ताई धडपडत सुपरवायझरपुढे गेली आणि म्हणाली, “साहेब, आयसो दोनदा पडलं माझ्याकडून. हे आत टेकून बसलेत.”

सुपरवायझरचा चेहरा उतरला. तो आत धावला, पाठोपाठ मिक्सरवाला. नवऱ्याला आधी वाटलं, चोरून शेकतो म्हणून पकडायला आलेत. कारण कळल्यावर त्यानेच गाडी लावली आणि तिघांनी ठोकळा मागच्या अंगणात ढकलत नेला. उंबऱ्याच्या धक्क्याने ठोकळ्याला वर भेग पडली. भेगेतून आधी उग्र वास आला, मग पिवळट धूर. ते मागे सरले न सरले तोच मधोमध लाल ठिपका दिसला आणि बघता बघता अख्खा ठोकळा धडधडून पेटला. काळा धूर छपरापर्यंत गेला. आत रचलेले बाकीचे ठोकळे, शेजारी गाद्या शिवणाऱ्या बायका, सगळ्यांचा विचार सगळ्यांच्या मनात एकदमच आला.

आग विझल्यावर सुपरवायझरने ताईला घरी जायला सांगितलं. उद्याचं उद्या बघू, एवढंच म्हणाला. नवराही तिच्याबरोबर निघाला. त्याच्या शर्टाला पाठीकडून धुराचा वास येत होता. रस्त्याने तो काहीतरी टोमणा मारेल, हसेल, याची ती वाट बघत राहिली. त्या हसण्याचा तिला एरवी किती राग यायचा. आज ते ऐकायला तिचे कान आतुरले होते.

वळणावर तो थांबला.

“तुला कधी कळलं?”

“ओतल्या ओतल्या,” ती म्हणाली. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

“सकाळी?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मग बोलली का नाहीस?”

“नोकरी जाईल अशी भीती वाटली.”

वीस गोष्टींची भीती बाळगणाऱ्या आपल्या बायकोच्या तोंडावर तो काहीतरी शोधत होता.

“आणि मी आत जाऊन टेकलो, तेव्हा?” त्याने विचारलं. “तेव्हा नाही वाटली?”