कुंकू कपाळाला

देवी आपल्यावर रुसली की काय, अशी शंका मला आयुष्यात एकदाच आली, आणि तीही बोईसर-पालघर रस्त्यावर, बंद पडलेल्या मोटारसायकलवर बसून. मागे माझी लेक बसली होती. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून सरकारी नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीला पालघरला निघाली होती. दहाच्या आत हजर नाही तर नाव कटणार होतं.

गाडी माझीच म्हणायची. आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, पहिल्या पाळीला कंपनीच्या बसने तारापूरला जातात, गाडी दारात नुसती उभी असते, म्हणून मी ती वसाहतीच्या मैदानावर शिकले. आमच्या कराडकडच्या बायका अजून तोंडात बोट घालतात. घालू देत. मी गाडी चालवते आणि चांगली चालवते. त्या सकाळी मालक म्हणाले होते, रेल्वेने जा, उगाच हौस नको. मी म्हटलं, माझी लेक मुलाखतीला माझ्या लक्ष्मीवर बसून जाणार. आदल्या दिवशी टाकीही गच्च भरून आणली होती.

आणि लक्ष्मीची सेवा मी काय कमी केली होती? नुकताच दसरा झाला होता. दरवर्षी पाण्यातलं कुंकू पहिल्याच धुण्यात जातं, म्हणून यंदा मी शेंदूर तेलात कालवला आणि पेट्रोलच्या झाकणावर जाड, ठसठशीत स्वस्तिक काढलं. अख्ख्या वसाहतीत असं स्वस्तिक कुणाच्या गाडीवर नव्हतं. दसऱ्यापासून बाजारापर्यंतच काय ते जाणं-येणं झालं, तेव्हा तक्रार नव्हती. आणि आज लांबच्या वाटेला बोईसर सोडलं नाही तोच ती गचके खाऊन थांबली.

पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं. ‘सुस्स’ असा आवाज झाला. टाकी भरलेली. झाकण लावलं, ‘उदे गं अंबे’ म्हटलं, किक मारली, गाडी सुरू. मी लेकीला म्हटलं, बघ, नावातच शक्ती आहे. थोडं पुढे गेलो तर पुन्हा तेच. पुन्हा झाकण, पुन्हा नाव, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा कारखान्यातला एक माणूस थांबला, त्याने प्लग काढून पुसला, “अब नहीं रुकेगी, दीदी” म्हणाला आणि गेला. मीही देवीचे आभार मानले. उमरोळीच्या पुढे ती चौथ्यांदा बंद पडली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. रिक्षा येत होत्या त्या भरलेल्या. लेक फाईल छातीशी धरून उभी होती, आणि तिचं ते सारखं घड्याळाकडे बघणं मला जास्त लागत होतं. मी मनात म्हटलं, आई, माझं काय चुकलं ते सांग, पण या पोरीचं नुकसान करू नको.

रस्त्याकडेला झाडाखाली एक म्हातारी कोळीण मासळीची पाटी शेजारी ठेवून रिक्षाची वाट बघत होती. दातिवऱ्याची, उमरोळीला लेकीकडे आलेली, असं तिनेच न विचारता सांगितलं. माझी किकांची खटपट बघून ती उठली आणि जवळ आली. इंजिनाकडे तिने बघितलंही नाही. झाकणावरच्या शेंदराकडे बघत राहिली, आणि मला चक्क रागावली.

“अगो बाय, कुकू कपालाला लावतात. तू तर हिच्या नाकात भरलाय. ती दम कशी घेनार?”

मला हसू यायला हवं होतं, पण अंगावर सरसरून काटा आला. पंचवीस वर्षं मी तेलाचे डबे फोडते आहे. एक भोक तेलाला, दुसरं बारीक भोक वाऱ्याला. वाऱ्याचं पाडलं नाही तर तेल गचके खात येतं आणि मग यायचंच थांबतं. तो ‘सुस्स’ आवाज माझ्या लक्ष्मीने घेतलेला श्वास होता! प्रत्येक वेळी मी झाकण उघडत होते, तेवढाच तिला मिळत होता. बांगडीची पिन काढली, शेंदूर खरवडला, तर खाली खरंच एक बारीक भोक, गच्च बुजलेलं. पिनेने मोकळं केलं. पालघर येईपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

म्हातारीला नीट नमस्कारही करता आला नाही. मी भोक मोकळं करत होते तेवढ्यात तिला रिक्षा मिळाली. ती देवी होती का, असं मला विचारतात. तिच्या अंगाला सुक्या बोंबलाचा वास येत होता आणि तोंडात तंबाखू होती. देवीला त्याचं वावडं असेल असं मला वाटत नाही.

कचेरीच्या दारात मात्र माझी खरी परीक्षा झाली. लेक लाजरी, तिच्या वतीने सगळीकडे मीच बोलत आले. शाळेत मी, कॉलेजात मी, स्थळं आली तिथेही मीच. आत्ताही मी केस सारखे करून तिच्यासोबत आत निघाले होते. तेवढ्यात बोटांकडे लक्ष गेलं. नखांत शेंदूर होता, आणि म्हातारीचं ‘ती दम कशी घेनार’ आठवलं. मी जागीच थांबले, तिच्या कपाळाला त्यातलंच एक बोट टेकवलं आणि म्हटलं, “जा. मी इथंच हाय.” कराडचं बोलणं घाबरले की असं बाहेर येतं.

ती एकटी आत गेली. मी बाहेर कट्ट्यावर बसले, आणि देवीला आयुष्यात पहिल्यांदा काहीही मागितलं नाही. सुचलंच नाही, नुसते हात जोडले. लेक बाहेर आली ती बोलतच. तिला काय विचारलं, तिने काय सांगितलं, कुठल्या उत्तरावर समोरच्या बाई हसल्या. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. मी ऊर भरून ऐकत राहिले, मध्ये एक शब्द घातला नाही.

नोकरी लागली. नेमणूक एडवणकडची. तिथून दातिवरे जवळच, म्हणून म्हातारीचा शोध घे एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे. गाडी तिला मीच वसाहतीच्या मैदानावर शिकवली. रुजू व्हायच्या सकाळी आरती ओवाळली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, एक बोट गाडीच्या दिव्यावर लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. सोबत येऊ का, हे ओठांपर्यंत आलं होतं. पदराने तोंड पुसलं आणि गिळलं.

कोपऱ्यावर तिने गिअर टाकला तो मी डोळे मिटून ऐकला. एकही गचका नाही. माझीच लेक!