गार पाण्याचा नळ

धाकटी बहीण आयर्लंडमध्ये, मी शारजात. व्हिडिओ कॉलवर तिचं एकच रडगाणं: ऊन पडलं म्हणून कपडे वाळत घातले की पाऊस, आत आणले की पुन्हा ऊन. माझा जळफळाट होतो. आमच्याकडे चार महिने नुसतं ऊन. त्यावर बोलणार काय, कप्पाळ! गच्चीवरची टाकी अशी तापते की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यातलं, घरात निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो.

मध्यंतरी तिने पिवळ्या पानाचा फोटो पाठवला. "संपला गं ताई आमचा उन्हाळा."

आज सकाळी तोंड धुताना चुकून गार नळ सोडला आणि दचकलेच. चक्क गार पाणी! मीही तिला लगेच फोटो पाठवला. नळाचा.